गादी आणि पाळ

(वैनगंगेच्या खोऱ्यातील वंशपरंपरागत राजसत्ता, तिची स्थित्यंतरे आणि तिच्यामागे उरलेला समाज या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाच्या परिसरात कोलासुर देवाचे ठाणे आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी हा तलाव ज्यांनी बांधला, त्या कोलू पाटील कोहळी यांनाच लोकांनी पुढे देवत्व दिले आणि कोलासुर म्हणून त्यांचे पूजन सुरू केले. ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमधील नेमकी जागा हेरून त्यांनी पाळ घातली, पावसाचे पाणी अडवले आणि खालच्या शिवारात धान पिकवले. तीन शतके उलटली, तरी ते पाणी आजही मैलोगणती पसरलेले दिसते. मात्र ही पाळ पडली, तेव्हा राजधानीत गादीवर कोण होते, असे त्या परिसरात विचारले तर उत्तर देणारा विरळाच भेटेल. राजाचे नाव विस्मृतीत गेले. पाटलाचा देव झाला.

वंशपरंपरागत, एकछत्री सत्तेखाली नेमके काय बदलते आणि काय टिकते, या प्रश्नाचा विचार पुष्कळदा ग्रंथांतून आणि परदेशांच्या उदाहरणांवरून केला जातो. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर या जिल्ह्याच्या मातीत आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला; त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. परंतु या भूमीने गोंड राजे पाहिले, नागपूरकर भोसले पाहिले, कंपनीचा रेसिडेंट पाहिला, मालगुजार पाहिले आणि शेवटी लोकांचे राज्यही पाहिले. एवढ्या सत्तांतरांचा साक्षीदार असलेल्या प्रदेशाला सांगण्यासारखे बरेच काही आहे.

वारसा हीच खिंड

देवगडच्या गोंड घराण्यातील बख्त बुलंद शाह हे कर्तबगार राजे. १७०२च्या सुमारास त्यांनी नागपूर वसवले, दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर आणून राज्य भरभराटीस आणले. त्यांच्यामागून आलेल्या चांद सुलतान यांनी ती घडी टिकवली. परंतु १७३९ मध्ये चांद सुलतान निवर्तले आणि गादीसाठी तंटा उभा राहिला. घराण्यातीलच वली शाह यांनी सत्ता बळकावली. विधवा राणी रतन कुंवर यांनी आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघूजी भोसले यांना साहाय्यास बोलावले. रघूजी आले, त्यांनी राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदला घेऊन परतले. पुढे बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या दोन भावांतच बेबनाव झाला. रघूजींना पुन्हा यावे लागले, आणि १७४३च्या सुमारास राज्याची सूत्रे त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. भांडण सोडवायला बोलावलेला पाहुणा घरमालक झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रघूजींनी गोंड राजाला पदच्युत केल्याची दवंडी पिटली नाही. बुऱ्हाण शाह नागपुरातच राहिले. राजेपदाचा मान राहिला, नेमणूक चालू राहिली. नाव गोंड राजाचे आणि कारभार भोसल्यांचा अशी ती व्यवस्था होती. सामान्य रयतेच्या दृष्टीने फारसे काही बदललेच नव्हते. पाटील तोच, सारा तोच, धानाची बांधीही तीच.

रघूजींचा पराक्रम वादातीत आहे. मराठ्यांचा जरीपटका त्यांनी बंगालच्या सीमेपर्यंत नेला. ओडिशा त्यांच्या राज्यास जोडला गेला. परंतु १७५५ मध्ये त्यांचे निधन होताच जानोजी आणि मुधोजी या पुत्रांत वारशाचा वाद पेटला व तो पेशव्यांना मिटवावा लागला. १७७२ मध्ये जानोजी निवर्तल्यावर मुधोजी आणि साबाजी हे भाऊ एकमेकांवर सैन्य घेऊन धावले. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, तेव्हा कोठे गादीचा निकाल लागला. दुसरे रघूजी १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून पराभूत झाले. देवगावच्या तहाने कटक आणि वऱ्हाड गेले. गेलेल्या मुलखाचे उत्पन्न उरलेल्या मुलखातून वसूल करण्याचा सपाटा सुरू झाला. सारा वाढला, नवे कर आले, आणि भरीस भर म्हणून पेंढाऱ्यांच्या धाडी पडू लागल्या. चूक दरबाराची, पण तिची किंमत मोजली वैनगंगेच्या काठच्या कुणब्याने, पोवाराने, कोहळ्याने, गोंडाने.

१८१६ मध्ये दुसरे रघूजी गेले आणि तीच खिंड पुन्हा उघडी पडली. त्यांचे पुत्र परसोजी व्याधिग्रस्त होते. राज्य चालवण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाले आणि दरबारातील प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आपले स्थान बळकट करण्यासाठी त्यांनी मे १८१६ मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८१७ मध्ये, परसोजींचा मृत्यू ओढवला आणि आप्पासाहेब गादीवर आले. या मृत्यूमागे त्यांचाच हात होता, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्याच आप्पासाहेबांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर इंग्रजांशी झुंज घेतली, हेही तितकेच खरे. त्यांची झुंज खोटी नव्हती. तिला फार उशीर झाला होता. गादी टिकवण्यासाठी जी तैनाती फौज घरात घेतली, तिच्याशीच राज्य टिकवण्यासाठी लढण्याची वेळ आली.

१७३९, १७५५, १७७२, १८१६ ही चार वर्षे एकाखाली एक मांडून पाहावीत. राज्यावर संकट आले ते प्रत्येक वेळी वारशाच्या वाटेने. ज्या वारशामुळे राज्याला स्थैर्य लाभते असे मानले जात होते, तोच वारसा राज्याची सर्वांत दुबळी जागा ठरला.

कामठ्याचा धडा

१८१८ मध्ये आप्पासाहेब कैद झाले, कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात शिरले. त्यांच्या बाजूने ठिकठिकाणी उठाव झाले. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील हे अशा उठाव करणाऱ्यांपैकी एक. कंपनीच्या सैन्याने कामठा घेतला, उठाव मोडला आणि ती जमीनदारी त्या कुणबी घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला दिली.

चिमणा पाटलांचे शौर्य स्मरणीय आहेच. पण कंपनीने काय केले आणि काय केले नाही, याकडेही पाहिले पाहिजे. तिने जमीनदार बदलला. जमीनदारी बदलली नाही. गावाने सारा द्यायचा, जमीनदाराने तो वर पोहोचवायचा, ही साखळी जशीच्या तशी राहिली. केवळ एक कडी बदलली. नागपुरातही तेच घडले. दुसऱ्या रघूजींच्या कन्येच्या मुलास, एका अल्पवयीन बालकास, तिसरे रघूजी म्हणून जून १८१८ मध्ये गादीवर बसवण्यात आले आणि त्याच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागले. कारभार राजाच्या हाती टप्प्याटप्प्याने परत येण्यास १८३० उजाडले. पाऊणशे वर्षांपूर्वी भोसल्यांनी गोंड राजाचे नाव ठेवून सत्ता घेतली होती. आता इंग्रजांनी भोसल्यांचे नाव ठेवून सत्ता घेतली. युक्ती तीच होती, आणि ती दोन्ही वेळा सफल झाली, कारण सत्ता एका व्यक्तीत साठलेली असली की त्या व्यक्तीवर ताबा मिळवणे पुरेसे होते.

दोन रिकाम्या गाद्या

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले. दुसऱ्या रघूजींच्या वयोवृद्ध पत्नी बाकाबाई आणि अन्य राण्या वाड्यात होत्या; दत्तकासाठी यशवंतराव हे आप्तांपैकी एक तरुण समोर होते. परंतु लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा अधिकार मानला नाही. त्याच्याच कौन्सिलातील कर्नल जॉन लो यांनी या निर्णयाला लेखी विरोध नोंदवला, तोही व्यर्थ गेला. १८५४च्या प्रारंभी राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती-घोडे विकले गेले, जडजवाहीर लिलावात गेले. एवढे विस्तीर्ण राज्य एका टिपणाच्या बळावर, बंदुकीचा बार न काढता, परक्यांच्या हाती पडले. पुढे १८५८ मध्ये चांद्याकडे बाबूराव शेडमाके यांनी प्राणार्पण केले, हे या मातीचे भाग्य. पण खालसा होण्याच्या क्षणी नागपूरच्या राज्यात मोठा उठाव झाला नाही.

या घटनेशेजारी महाराष्ट्राच्याच इतिहासातील दुसरी रिकामी गादी ठेवून पाहावी. मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला; येसूबाई आणि बाळ शाहू शत्रूच्या कैदेत गेले. राजाराम महाराज दूर जिंजीला. राजधानी नाही, खजिना नाही, छत्रपती शेकडो कोस दूर. तरीही स्वराज्य बुडाले नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी इकडची सूत्रे सांभाळली. संताजी-धनाजींनी बादशाही फौजांची दाणादाण उडवली. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराराणींनी लढा पुढे नेला. १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनच्याच मातीत मेला.

दोन्ही वेळा गादी रिकामी होती. एकदा राज्य अठरा वर्षे लढले आणि एकदा तीन महिन्यांत विरघळले. हा फरक कशामुळे पडला? शिवछत्रपतींनी राज्य उभे केले, तेव्हा प्रधानांना जबाबदारी दिली, किल्ल्यावर एकाच्या हाती सारे न देता हवालदार, सबनीस, कारखानीस अशी कामाची वाटणी केली, आणि मुख्य म्हणजे हे राज्य आपले आहे ही जाणीव मावळच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचवली. राजा नसतानाही काय करायचे, हे शेकडो माणसांना ठाऊक होते. नागपूरच्या राज्यात १८१८ नंतर रक्षण कंपनीच्या फौजेकडे गेले, निर्णय रेसिडेन्सीत होऊ लागले आणि रयतेच्या वाट्याला उरले फक्त सारा भरणे. जिच्याकडून पस्तीस वर्षे केवळ सारा घेतला गेला, त्या रयतेकडून राज्य वाचवण्याची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

या कथेला दुसरीही बाजू आहे. त्या स्वातंत्र्ययुद्धात सरदारांना जे मुलूख आणि अधिकार दिले गेले, तेच पुढे वंशपरंपरागत झाले. नागपूरकर भोसल्यांचे सामर्थ्यही त्याच काळात अंकुरले. म्हणजे सामूहिक जबाबदारीतून निर्माण झालेली शक्ती पुन्हा घराण्यांच्या चौकटीत बंद झाली. एकदा मिळालेला धडा कायमचा राहत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो.

जगाचा आणि औंधचा दाखला

हा नियम केवळ जुन्या संस्थानांना लागू नाही. सीरियात हाफेज अल् असद १९७१ मध्ये अध्यक्ष झाले. नावाला ते प्रजासत्ताक होते. १० जून २००० रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्याच दिवशी तेथील संसदेने अध्यक्षपदाची किमान वयोमर्यादा ४० वरून ३४ वर आणली, कारण पुत्र बशर यांचे वय तेवढेच होते. परदेशात शिकलेला, नेत्रवैद्यक जाणणारा तरुण आला, आता मोकळे वारे वाहणार, असे अनेकांना वाटले. दमास्कसमध्ये चर्चामंडळे भरू लागली. वर्षभरातच ती बंद पडली, पुष्कळ जण तुरुंगात गेले. चेहरा बदलला होता. यंत्रणा वडिलांचीच होती. २०११ मध्ये उठाव झाला, लक्षावधी माणसे मेली, आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी बशर देश सोडून रशियाला गेले. पन्नासहून अधिक वर्षांची सत्ता शेवटच्या लढाईत दोन आठवडेही टिकली नाही. सैन्य होते, तुरुंग होते, पुतळे होते. पण हे राज्य आपले म्हणणारा माणूस रस्त्यावर नव्हता.

उलट उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सातारा परिसरातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली घटना स्वीकारून, आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवले. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत लोकांचा कारभार उभा केला. कोणी आंदोलन करून गादी हिसकावली नव्हती. राजा स्वतःहून उतरला. संस्थान लहान होते, पण वंशपरंपरेने आलेली सत्ता सत्कारणी कशी लावावी, याचा तो मोठा वस्तुपाठ आहे.

मालक गेला, तलाव कोणाचा?

आता पुन्हा पाळीवर येऊ या. चांद्याच्या गोंड राजांची एक प्रथा सांगितली जाते. जो तलाव बांधील, त्याला तलावाखालची जमीन सनदेने मिळे. तिला ‘तुकूम’ म्हणत. राजाने तलाव बांधणाऱ्याला बळ दिले. कोहळी पाटलांनी पाण्याची वाट ओळखली, गावाने माती वाहिली. पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जास्तीचे पाणी वाहून जाण्याचा सलंग, ही सारी रचना गावच्या अनुभवातून आली. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंच्या संख्येने उभे राहिले.

१८६०च्या दशकात इंग्रजांनी जमाबंदी केली आणि सारा गोळा करणाऱ्या पाटलाला कायद्याने गावाचा मालक, म्हणजे मालगुजार केले. पाण्याच्या आणि निस्ताराच्या गावरूढी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिल्या गेल्या खऱ्या, पण मालकी एकाची झाली. मालगुजाराची स्वतःची धानाची शेती तलावाखाली असे, म्हणून तो पाळ राखी. त्यासाठी वेठही घेई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गरीब मजुराच्या पाठीवर तिचे वळ उमटलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर, हा भाग जुन्या मध्यप्रदेशात असताना, ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. हे सर्वथा योग्यच झाले. तलाव शासनाकडे आले आणि त्यांचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. मालक बदलला. पण पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकण्याची पाळी कोणाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. पूर्वी मालगुजार सांगेल तेव्हा गाव जाई. आता शासन करील म्हणून गाव थांबले. गाळ साचला, तुडूम बुजले, बेशरमाची झुडपे माजली, काठावर अतिक्रमणे झाली. तलावावर पोट असलेल्या ढीवर बांधवांची मासळी घटली. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचेना.

या ठिकाणी सत्तांतराचे खरे मर्म हाती लागते. वरची सत्ता गेली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. ‘सरकार मायबाप’ ही भाषा राजेशाहीची आहे. ती लोकशाहीतही चालू राहिली. राजा गेला तरी रयत रयतच राहिली, तर राज्य बदलले असे म्हणता येत नाही. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. तलावातील गाळ शेतकऱ्याने आपल्या शेतात न्यावा, हे तिचे सूत्र चांगलेच आहे. पण योजना यंत्र पाठवू शकते. ‘हा तलाव माझा आहे’ ही भावना पाठवू शकत नाही.

कार्यकर्त्याची कसोटी

सामाजिक कार्य करणाऱ्या प्रत्येकाने या इतिहासाचा आरसा स्वतःसमोर धरायला हवा. घराणेशाही म्हटली की बोट राजकारण्यांकडे वळते. पण एखादी शाळा, पतपेढी, वाचनालय किंवा उत्सव मंडळ वीस वर्षे एकाच व्यक्तीच्या शब्दावर चालते आणि त्या व्यक्तीच्या पश्चात कुलूप लागते, तेव्हा तेथेही एक छोटे संस्थान खालसा झालेले असते. घरातील ज्येष्ठ शेवटपर्यंत मुलांना शेतीचे कागद दाखवत नाहीत आणि त्यांच्यामागे भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तेव्हा पाचगावची लढाईच पुन्हा लढली जाते. दायित्व देताना पद दिले आणि निर्णय दिला नाही, तर तो वारस होतो, कार्यकर्ता होत नाही. आपल्यावाचून काम अडते याचा अभिमान वाटू लागला, की समजावे, काम धोक्यात आले आहे.

गादी एकाला मिळते आणि पाळ सर्वांना राखावी लागते. गादीसाठी वारस लागतो, पाळीसाठी गाव लागतो. म्हणूनच या जिल्ह्यात देवगडची गादी उरली नाही, नागपूरची उरली नाही, मालगुजाराची ओसरीही उरली नाही. कोलू पाटलांची पाळ मात्र उभी आहे.

ती आणखी किती वर्षे उभी राहील, हे राजधानीत ठरणार नाही. ज्या गावात तलाव आहे, तेथील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात ग्रामसभेत एवढा एकच विषय मांडावा : यंदा पाळीवर माती टाकण्याची पाळी कोणाची? कोहळी, पोवार, कुणबी, गोंड, ढीवर, सर्वांनी मिळून ती ठरवावी, वहीत लिहावी आणि पुढच्या वर्षी ती वही नव्या मुलांच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी चारच माणसे येतील. तरी चालेल, पहिली टोपली कोणाला तरी उचलावीच लागते.